मधल्या खोलीतले गठ्ठे

वालूरच्या पेठेत आबासाहेबांचं आहेराचं दुकान आहे. आहेराचं म्हणजे तिथं स्वतःच्या अंगावर घालायचं काही मिळत नाही, दुसऱ्याला द्यायचं तेवढं मिळतं. टोप्या, टॉवेल, ब्लाऊजपीस आणि देण्याघेण्याच्या साड्या. ही साडी नेसायची नसते हे देणारीला ठाऊक, घेणारीला ठाऊक आणि विकणाऱ्याला तर सगळ्यांच्या आधी ठाऊक. एका लग्नात मिळाली की ती पेटीत जाते आणि पुढच्या लग्नात पेटीतून निघून दुसरीच्या मांडीवर पडते. तिची घडी मोडणारी बाई अजून सेलू तालुक्यात जन्माला यायची आहे.

दुकानाच्या मागंच घर. पुढं दुकान, मागं स्वयंपाकघर आणि दोन्हींच्या मध्ये एक खोली. दुकानावर आबासाहेबांचं राज्य, स्वयंपाकघरावर त्यांच्या बायकोचं, बायनाबाईचं. मधली खोली मात्र दोघांपैकी कुणाचीच नव्हती. तिथं गठ्ठे राहायचे. एका गठ्ठ्यात शंभर साड्या, वरून गोणपाट शिवलेलं. या गठ्ठ्यांनी खोलीतली खाट धरली, खिडकी धरली आणि हळूहळू दारही धरलं, तेव्हा घरातली माणसं आडवी होऊन आतबाहेर करायला लागली. सवयीनं माणूस कशालाही तयार होतो, आडवं चालायलासुद्धा.

बायनाबाई अठ्ठावन्न वर्षांची, ठेंगणी, हसली तर फक्त डोळ्यांनी हसणारी. ती चेष्टा करतेय की खरं बोलतेय हे समोरच्याला घरी गेल्यावर कळायचं. तिचा एक उद्योग तर गावात कुणालाच माहीत नव्हता. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या गीताबाईशी तिचा वाद झाला होता. गीताबाई म्हणायची, आमच्याकडं आलेल्या आहेराच्या साड्या आम्ही लेकीसुनांना नेसायला देतो, पुढं फिरवत नाही. बायनाबाई वरवर "हौ का" म्हणाली आणि त्याच दिवसापासून दुकानातून जाणाऱ्या प्रत्येक साडीच्या आतल्या कोपऱ्यात हिरव्या दोऱ्याचा एक टाका घालायला लागली. दर महिन्याला टाक्याची जागा बदलायची, म्हणजे साडी आत्ताची की जुनी हे बोटाला कळायचं. मग लग्नाला गेली की ती जेवायच्या पंगतीकडं न वळता बायकांच्या घोळक्यात आहेराच्या ढिगाशी जाऊन बसायची. "द्या इकडं, म्या नीट मांडून ठिवते," म्हणायची. यजमानीण सुखावायची, एवढी कामाची बाई म्हणून. आणि बायनाबाई मांडता मांडता प्रत्येक साडीचा कोपरा चाचपून बघायची.

गीताबाईला आहेरात आलेली साडी तिसऱ्याच लग्नात फिरताना सापडली. पण तोवर बायनाबाईला या खेळाची चटक लागली होती. एक जांभळी, मोरकाठाची साडी तिला एका सालात पाच मांडवांत भेटली. तिनं त्या साडीचं नाव यष्टी ठेवलं, कारण ती गावोगाव फिरून मुक्कामाला परत वालुरातच यायची.

आता या सगळ्यात आबासाहेब कुठं होते? आबासाहेब मोठ्या हिशेबात होते. दुकानात त्यांनी एक तार टांगली होती, तिला वर्षभर आलेल्या लग्नपत्रिका टोचून ठेवायचे. तुळशीचं लग्न झालं की तार खाली घ्यायची, पत्रिका मोजायच्या. एका पत्रिकेला साठ साड्या, हे त्यांचं ठरलेलं माप. सहासष्ट पत्रिका म्हणजे चार हजार साड्या, चार हजार म्हणजे चाळीस गठ्ठे. निम्मे आत्ता आणायचे, निम्मे उन्हाळ्यात. वीस गठ्ठे एकदम घेतले की भाडं एकदाच पडतं आणि भावही उतरतो, एवढं साधं गणित बायकांना कळत नाही याचं त्यांना वाईट वाटायचं. उन्हाळ्यातले वीस मात्र कधीच यायचे नाहीत, कारण तोवर आधीचेच संपलेले नसायचे. त्याचा दोष ते कधी पावसाला द्यायचे, कधी पंचांगाला. शिवाय निम्म्या गिऱ्हाइकांची घरं दिवाळी झाली की कोयते घेऊन कारखान्याला जायची, ती गुढीपाडव्यालाच परतायची आणि त्यांची लग्नं चैत्र-वैशाखात निघायची. त्यांच्या वाट्याचा माल मधल्या खोलीत चार-पाच महिने निवांत लोळायचा.

हे असंच चाललं असतं. पण यंदा दिवाळीत लेक आली, शिवकन्या. राणीसावरगावला दिलेली, पहिलटकरीण, चौथा महिना लागलेला. तिला पोचवायला तिची सासू कुसुमबाई स्वतः आली होती. कुसुमबाई उंच आणि सरळ बांध्याची, तिला आडवं चालायची सवय नव्हती. मधल्या खोलीच्या दारात ती थबकली. आत नऊ गठ्ठे होते. खाटेवर तीन, खिडकीपुढं चार, दारामागं दोन.

"बाळंतीण कुठं निजवणार, ईनबाई?" तिनं विचारलं.

"हितंच की," बायनाबाई म्हणाली.

"हितं? गठ्ठ्यावर?" कुसुमबाईनं पदर खोचला. "आमच्याकडं गंगाखेडचा दवाखाना जवळ हाय. खोली मोकळी हाय, खिडकीतून ऊन येतंय. पैलं बाळंतपण म्हायेरीच व्हावं, मलाबी पटतंय. पर माझं नातवंड गोणपाटात न्हाई निजवायचं. माघात म्या परत यीन. खोली रिकामी दिसली तर सातव्यात पोरीला हितं ठिवीन. न्हाई तर माझी सून माझ्या घरी."

बोलली ती सरळ, आणि खोटं काहीच बोलली नाही. बायनाबाईला राग आला तो त्याचाच. शिवकन्या एकुलती लेक. तिची पहिली वेण आपल्या दारात यावी, तिला आपल्या हातचा डिंकाचा लाडू मिळावा, बाळाला पहिलं तेल आपण लावावं, एवढीच एक हौस बायनाबाईनं आजवर कुणापाशी बोलून न दाखवता जपली होती. आणि ती आता देण्याघेण्याच्या साड्यांखाली दबून मरायला निघाली होती.

तिनं नवऱ्याला सांगून बघितलं. "अवं, ह्या बारीला माल नका आणू. हाय त्यो खपू द्या."

आबासाहेब पत्रिका मोजत होते. "माल न्हाई आणायचा? लग्नसराई तोंडावर आलीय अन् माल न्हाई आणायचा? नऊ गठ्ठे हायेत, चाळीस लागत्यात. तुला हिशोब कळत न्हाई अन् बोलू लागलीस." आणि त्यांनी मोजणी पहिल्यापासून सुरू केली, कारण मध्येच बोलल्यानं आकडा चुकला होता.

घरात हिशोब कळणारं एक माणूस होतं, पण त्याला कुणी विचारत नव्हतं. ती म्हणजे सून, राजनंदिनी. सेलूच्या कॉलेजातून बी.कॉम. झालेली. तिचा नवरा राम सकाळी मोटारसायकलनं सेलूला कामाला जायचा तो दिवेलागणीला यायचा. त्या दुपारी सासूला भाकरीच्या पिठावर राग काढताना बघून तिनं ट्रंकेतून एक पुस्तक काढलं.

"आत्याबाई, ह्याच्यावर एक धडाच हाय. एका वेळेला माल किती मागवायचा, त्याचा."

"असल्या गोष्टीचा धडा असतोय?"

"असतोय. तीन गोष्टी लागत्यात. वर्षाला किती खपतंय, एका खेपेला खर्च किती येतोय अन् माल घरात सांभाळायला किती पडतंय. थोडा थोडा माल आणला तर खेपांचं भाडं वाढतंय. एकदाच लय आणला तर घरात तुंबतोय. त्या दोन्ही खर्चांची जिथं बरोबरी हुती, तेवढाच माल आणायचा."

"म्हंजी मिठासारखंच की," बायनाबाई म्हणाली. "लय पडलं तरी वंगाळ, कमी पडलं तरी वंगाळ. त्याला पुस्तक कशाला लागतंय? बरं, काढ तुझं उत्तर."

राजनंदिनीनं सासऱ्यांच्या हिशेबानं चाळीस गठ्ठे धरले. वर्गमूळ काढलं. एका खेपेला दहा गठ्ठे, असं उत्तर आलं. विसाचे निम्मे. तिला आनंद झाला, पण बायनाबाईनं नाक मुरडलं.

"चाळीस कुणी सांगितले?"

"मामा म्हणत्यात. पत्रिका..."

"तुझा मामा पत्रिका मोजतोय. म्या साड्या मोजल्यात." आणि तिनं इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणाला तरी हिरव्या दोऱ्याचं गुपित सांगितलं. मांडवात शंभर साड्या पडल्या तर त्यातल्या पंचावन्नांच्या कोपऱ्यात जुना टाका असतो. म्हणजे नवीन विकत घेतलेल्या पंचेचाळीसच. राजनंदिनी आधी दोन मिनिटं तोंडाला पदर लावून हसली, मग तिनं आकडेमोड केली. चाळीस गठ्ठ्यांतले खरे खपायचे अठरा. पुन्हा वर्गमूळ. उत्तर आलं साडेसहा.

"साडेसहा गठ्ठ्यांत बी माझी लेक निजत न्हाई," बायनाबाई म्हणाली. "सांभाळायच्या खर्चात तू काय काय धरलंस?"

"अडकलेल्या पैशाचं व्याज. थोडं उंदराचं, थोडं रंग उडायचं."

"अन् खोलीचं भाडं?"

"घरच्या खोलीला भाडं कुठलं, आत्याबाई?"

"घरची म्हणूनशान फुकट व्हय? शेजारच्या गुरुजीला ईचार, तेवढ्याच खोलीला किती मोजतोय ते. त्याची खोली भाड्याची अन् माझी फुकटची? लिव्ह."

राजनंदिनीनं गुरुजींचं भाडं लिहिलं. उत्तर खाली घसरलं आणि चारावर येऊन थांबलं. चार गठ्ठे! दुकानाच्या फळ्यांवर बरोबर चार गठ्ठ्यांचा माल मावत होता. मधल्या खोलीत एकही ठेवायची गरज नव्हती. वर्षाला चार-पाच खेपा, एका खेपेला चार गठ्ठे. घरातले नऊ आणि नवे चार मिळून तेरा, त्यातले माघापर्यंत नऊ सहज जातील, उरलेले चार फळीवर. पुस्तक आणि सासू यांचं एकमत झालं होतं, आणि पुस्तकाच्या आयुष्यात असा प्रसंग बहुधा पहिल्यांदाच येत होता.

राहिले फक्त आबासाहेब. राजनंदिनीनं रात्रीच्या जेवणानंतर वही त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी चष्मा लावून वर्गमूळाच्या खुणेकडं बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "पोरी, हे वरचं छप्पर कशाचं हाय?" आणि वही मिटून तिच्या हातात दिली. रागावले नाहीत. सुनेवर ते कधीच रागवायचे नाहीत. नुसतं सांगितलं, की सोमवारी जालन्याला जायलोय, वीस गठ्ठ्यांची गाडी सांगून ठेवलीय.

बायनाबाई विचारात पडली. भाडं वाचतं, भाव पडतो, हे ठीक. पण इतका समजदार माणूस दर साल तेच वीस का आणतो? गेली चाळीस वर्षं तिनं या माणसाला ओळखलं होतं. भाजीत मीठ कमी पडलं तरी गुपचूप खाणारा माणूस गठ्ठ्यांच्या बाबतीत एवढा हट्टी का, हे काही तिला सुटेना. म्हणून रविवारी तिनं जाहीर केलं, "म्याबी येते जालन्याला. बायकांचा माल, एकदा बाईमाणसानं बघावा."

सोमवारी दोघं सेलूहून रेल्वेनं जालन्याला गेली. बन्सीधर शेठचं ठोक दुकान गल्लीत आत होतं. बाहेर फळीपाशी पाच-सात दुकानदार उभे होते, दोन-तीन गठ्ठे नेणारे. घाम पुसत होते, कुणी त्यांच्याकडं बघत नव्हतं. आबासाहेब दारात दिसले आणि शेठ उठून उभे राहिले.

"या, या आबासाहेब! अरे, गादी झटका! पंखा इकडं करा!"

पांढऱ्याशुभ्र गादीवर आबासाहेबांना बसवलं. पाठीला लोड दिला. पंखा वळवला गेला, म्हणजे शेठच्या तोंडावरचा काढून आबासाहेबांच्या तोंडावर आणला. उंच ग्लासातून बदामशेक आला, वर काजूचे तुकडे. शेठ म्हणाले, "परभणी जिल्ह्यात वीस गठ्ठे एका झटक्यात उचलणारे असे किती? बोटावर मोजावे."

बायनाबाई बाजूच्या स्टुलावर बसून बघत होती. आबासाहेब लोडाला टेकले होते, पाय पसरले होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं होतं जे तिनं शेवटचं रामच्या जन्माच्या वेळी बघितलं असेल. तिला सगळं एका क्षणात कळलं. भाडं नव्हतं, भाव नव्हता. घरी पंखा कुणी त्यांच्याकडं वळवत नव्हतं. घरी ते गठ्ठ्यांमधून आडवे होऊन जात-येत होते. वर्षातून एकदा या गादीवर सरळ बसता यावं म्हणून हा माणूस वीस गठ्ठे घेत होता. तिला हसू यायला हवं होतं. आलं नाही. तिला त्यांची दया आली, आणि थोडी स्वतःचीही लाज वाटली.

पण लाज वाटली म्हणून काम सोडणारी ती नव्हे. खेपेच्या खर्चात राजनंदिनीनं गाडीभाडं धरलं होतं, जेवण धरलं होतं, दुकान बंद राहिल्याचा तोटा धरला होता. गादी धरली नव्हती. चार गठ्ठे नेणारा माणूस फळीपाशी उभा राहतो, हा खर्च पुस्तकात नव्हता.

दुसरा बदामशेक संपल्यावर आबासाहेबांना मागच्या अंगाला जावंच लागलं. त्यांची पाठ वळताच बायनाबाई स्टुलावरून उठली.

"शेठ, एक ईचारू? वर्षाकाठी आमी किती माल नेतो तुमच्याकून?"

"वीस गठ्ठे, वहिनी."

"तेवढाच माल चार-चार करून पाच बारीला नेला तर तुमाला काय तोटा?"

शेठनं भुवया उंचावल्या. "तोटा नाही, पण भाव बदलंल. चारचा भाव वेगळा, वीसचा वेगळा."

"भाव वीसचाच. अन् दर बारीला त्यांला ह्याच गादीवर बसवायचं. लोड, पंखा, बदामशेक, समदं असंच."

"चार गठ्ठ्याला गादी?" शेठ हसायला लागले. "वहिनी, मग बाहेर उभे असलेले सगळेच आत येतील."

"शेठ, तुमच्या गल्लीत अजून सात ठोक दुकानं हायेत. येताना मोजून आल्येय. अन् वीस गठ्ठे घिऊन आमी जात हुतो तवा सालभर तुमाला तोंड दावत नव्हतो. पाच बारीला आलाव तर त्येच्यासोबत टोप्याबी जात्याल, टॉवेलबी जात्याल. बगा, तुमाला एक बदामशेक जास्त झालाय का?"

शेठ पंचवीस वर्षं धंद्यात होते. त्यांनी एक बदामशेक आणि एक कायमचं गिऱ्हाईक तराजूत घातलं. बाहेरच्या लोकांकडं एकदा बघितलं. मग हळूच म्हणाले, "आबासाहेबांना सांगायचं कसं?"

"तुमी सांगा. म्या उलटं बोलते."

आबासाहेब रुमालाला हात पुसत आले, लोडाला टेकले. "हां शेठ, तर वीस काढा."

शेठ जरा गंभीर झाले. "आबासाहेब, तुम्ही घरचे म्हणून बोलतो. वीस आत्ता नेऊ नका. आता दर दोन-अडीच महिन्याला नवा नमुना येतो. आज वीस नेले तर पुढचा नमुना दुसराच कुणीतरी उचलणार. मी म्हणतो, चार न्या. पुढचा माल उतरला की आधी तुमच्यासाठी बाजूला काढतो, दुसऱ्याला दाखवत नाही. पण तुम्हाला स्वतःला यावं लागंल. तुमच्या नजरेशिवाय माल काढायला माझा हात धजत नाही. आणि भाव तुम्हाला कायम वीसचाच."

आबासाहेब घुटमळले. त्यांची नजर नकळत गादीवरून फिरली.

तेवढ्यात बायनाबाई मोठ्यानं म्हणाली, "काय नगं! शेठ, वीसच द्या. त्यांनी वीस म्हणलंय तर वीस. सारखं सारखं जालन्याला यायला काय त्यांला काम न्हाई का? घरात नऊ हायेत, त्यात वीस टाकले तर एकोणतीस. लय झाक दिसंल!"

बाहेरचे दुकानदार वळून बघायला लागले. आबासाहेबांची मान ताठ झाली. चाळीस वर्षांत बायनाबाईनं सुचवलेलं त्यांनी जसंच्या तसं कधी केलं नव्हतं, आणि ते आज जालन्याच्या गादीवर बसून करणार होते?

"अगं, तुला धंद्यातलं काय कळतंय?" ते म्हणाले. "शेठ बरोबर बोलायलेत. चार काढा, शेठ. अन् पुढच्या मालाची खबर द्या. म्या येतो."

बायनाबाईनं रागावल्यासारखा पदर ओढून घेतला आणि तोंड भिंतीकडं केलं. तिला ते करणं भागच होतं, कारण तिचे डोळे हसायला लागले होते.

परतीला चार गठ्ठे छोट्या टेम्पोत टाकले. देवगाव फाट्यावर चहा-भज्याला थांबले तेव्हा आबासाहेब फार खुशीत होते. एक भजं उचलून त्यांनी बायकोला समजावलं. "माल कसा आणावा? थोडा थोडा, वरचेवर. म्हंजी पैसा अडकत न्हाई अन् नवा नमुना हाती लागतो. एकदाच लय आणून घर भरू ने. हे समदं अनुभवानं कळतंय, बायना. पुस्तकात नसतंय."

"हौ ना," बायनाबाई म्हणाली. "तुमचा दिमागच येगळा." आणि तिनं शेवटचं भजं स्वतः खाल्लं.

मार्गशीर्ष गेला, पौषात सामसूम झाली, माघ लागताच पुन्हा वाजंत्री वाजायला लागली. मधल्या खोलीतून एकेक गठ्ठा दुकानात जाऊन फुटू लागला. खिडकीपुढचा चौथा गठ्ठा हलला त्या दिवशी खोलीत नऊ वर्षांनी ऊन आलं. खिडकीच्या कट्ट्यावर एक उलथणं, दहा वर्षांपूर्वीचं कॅलेंडर आणि आबासाहेबांचा तो चष्मा सापडला, ज्याच्यासाठी त्यांनी गीताबाईच्या मांजरावर आळ घेतला होता. राजनंदिनीनं फरशी तीन वेळा धुतली. रामनं खाटेला नवी पट्टी विणून आणली. आबासाहेब येता-जाता खोलीत डोकावायचे आणि दारात सवयीनं आडवे व्हायचे, मग लक्षात येऊन सरळ व्हायचे.

ठरल्याप्रमाणं कुसुमबाई, दिवाळीनंतर सासरी परतलेल्या शिवकन्येला घेऊन आली. तिनं खिडकी उघडून बघितली, खाटेखाली वाकून बघितलं, दारामागं बघितलं. मग स्वयंपाकघरातही एक फेरी मारली, न जाणो गठ्ठे तिकडं सरकवले असतील. काही सापडलं नाही तेव्हा तिचा चेहरा जरा पडला. पण बाई शब्दाची पक्की. निघताना ओटी भरून घेतली, मिळालेल्या साडीची घडी उन्हाला धरून जुनी आहे का ते तपासलं, आणि सुनेच्या तोंडावरून हात फिरवून तेवढंच म्हणाली, "ईनबाई, जपा." बायनाबाईचा तिच्यावरचा सगळा राग तिथंच गेला.

दुपारी जेवणं झाली. बायनाबाईनं लेकीला मधल्या खोलीत नेलं, नव्यानं विणलेल्या खाटेवर गोधडी पसरली, खिडकी अर्धी लोटली. "नीज आता. म्या हाय भाईर." आणि दाराबाहेर बसून ती सुपात डिंक निवडायला लागली. इतक्या महिन्यांची धडपड त्या खाटेवर निजली होती. बायनाबाईला जिंदगीत एवढं हलकं कधी वाटलं नव्हतं.

अर्ध्या तासानं आतून खाट करकरली. मग पुन्हा. बायनाबाईनं डोकावून बघितलं तर शिवकन्या उठून बसली होती.

"कामून गं? काय दुखायलंय?"

"दुखत न्हाई, आई. झोपच लागंना." शिवकन्येनं खोलीभर बघितलं. "लय मोकळं वाटायलंय. म्या अन् दादा गठ्ठ्यांवरच निजून मोठे झालाव ना. त्या नव्या कापडाचा वास आला की माझा डोळा लागायचा. सासरी पैले चार महिने त्याच्यापायीच झोप न्हाई आली, कुणाला सांगणार?" आणि सांगता सांगता तिचे डोळे भरले. "वाटलं हुतं, म्हायेरी आल्यावर तरी येईल."

बायनाबाई डिंकाचं सूप हातात घेऊन तशीच उभी राहिली. हसावं की कपाळावर हात मारून घ्यावा तिला समजेना. दुकानातून आबासाहेब आले होते, त्यांनी शेवटचं सगळं ऐकलं होतं. त्यांचा हात आपोआप खिशातल्या फोनकडं गेला.

"शेठला सांगू का? वीस..."

"ठिवा त्यो फोन!" बायनाबाई अशी ओरडली की राजनंदिनी स्वयंपाकघरातून पळत आली.

मग दुकानाच्या फळीखालचे दोन न फोडलेले गठ्ठे आबासाहेब आणि राजनंदिनीनं ढकलत आत आणले, एक खाटेच्या उशाला लावला, एक पायथ्याला. गोणपाटातून नव्या साड्यांचा, खळीचा वास खोलीत पसरला. शिवकन्येनं उशाच्या गठ्ठ्याला गाल टेकवला आणि दोन्ही पाय पायथ्याच्या गठ्ठ्यावर टाकले. पाच मिनिटांत तिचा श्वास जड झाला. झोपेत तिचा एक हात पोटावर होता.

बायनाबाई बघत राहिली. लहानपणी ही पोर अशीच झोपायची, आणि आपल्याला वाटायचं बिचारीला जागा नाही. मग ती नवऱ्याकडं वळली.

"दोन," ती दबक्या आवाजात म्हणाली, दोन बोटं त्यांच्या नाकापुढं धरून. "ह्या खोलीत दोन. तिसरा गठ्ठा आत आला तर तुमी भाईर."

आबासाहेबांनी मान डोलावली. मग बराच वेळ ते निजलेल्या लेकीच्या पोटाकडं बघत राहिले, आणि त्यांची बोटं हळूहळू काहीतरी मोजायला लागली.

"अन् जुळं झालं तर?" त्यांनी विचारलं.